हेन्रीच्या कागदांचं काय झालं?

गेल्या अंकात आठवणींविषयी लिहिताना हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णाचा उल्लेख मी दोन ओळींत केला होता. त्या दोन ओळींवर जेवढी पत्रं आली तेवढी बाकीच्या अख्ख्या लेखावर आली नाहीत. त्यातली चार घेते. पहिल्याचं उत्तर लांबणार आहे, कारण त्या मुलीने जे विचारलंय ते मलाही बरीच वर्षं छळतंय.

प्रश्न : मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या पुस्तकात 'एच. एम.' नावाने हेन्रीची एक चौकट आहे. परवा मैत्रिणीने एक व्हिडिओ पाठवला. त्यात म्हटलंय की त्याच्यावर आयुष्यभर संशोधन करणाऱ्या बाईंनी मूळ कागद नष्ट केले, त्याच्या मेंदूतली एक जखम लपवली आणि त्याची संमतीही नीट घेतली नव्हती. हे खरं असेल तर हिप्पोकॅम्पसबद्दल आम्ही शिकलो ते सगळंच खोटं का? परीक्षेत काय लिहू? — विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : परीक्षेचं शेवटी बघू. आधी ज्यांना हेन्री माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

हेन्री गुस्ताव मोलेसन १९२६ साली कनेटिकट राज्यातल्या मँचेस्टर गावी जन्मला. दहाव्या वर्षी बारीक झटके सुरू झाले, पंधराव्या वर्षापासून मोठ्या फिट्स यायला लागल्या. टाइपरायटरच्या कारखान्यातलं काम धड करता येईना. औषधांचे डोस वाढवून झाले, उपयोग होईना. शेवटी ऑगस्ट १९५३मध्ये हार्टफर्डला विल्यम स्कोविल या सर्जननी त्याच्या भुवयांच्या वर कवटीला दोन भोकं पाडली आणि मेंदूच्या आतल्या अंगाचा हिप्पोकॅम्पस व त्याच्या आसपासचा भाग दोन्ही बाजूंनी शोषून काढला. हेन्री तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. फिट्स कमी झाल्या. बुद्ध्यांक घसरला नाही, उलट १०४चा ११२ झाला. पण त्या दिवसापासून नवं काही मनात टिकेना. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले की हेन्रीच्या दृष्टीने ते नवेच. हे पुढे पंचावन्न वर्षं चाललं, २ डिसेंबर २००८ला तो गेला तोवर.

मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर माँट्रियलहून रात्रीच्या रेल्वेने येऊन त्याला तपासत. १९५७मध्ये स्कोविल आणि मिल्नर यांचा निबंध आला आणि आठवण तयार व्हायला मेंदूतली कोणती जागा लागते त्यावर पहिल्यांदा बोट ठेवता आलं. मिल्नरबाईंच्या विद्यार्थिनी सुझान कॉर्किन १९६२मध्ये हेन्रीला पहिल्यांदा भेटल्या. पुढे त्या एमआयटी या अमेरिकन विद्यापीठात गेल्या आणि हेन्रीच्या मृत्यूपर्यंत त्याचा अभ्यास त्यांच्याकडेच राहिला. हेन्री जिवंत असेपर्यंत जगाला फक्त 'एच. एम.' ही दोन अक्षरं माहीत होती.

आता वाद. ऑगस्ट २०१६मध्ये ल्यूक डिट्रिच या पत्रकाराचं हेन्रीवरचं पुस्तक आलं आणि त्याचा एक भाग 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या मासिकात छापून आला. तुझ्या मैत्रिणीच्या व्हिडिओतले तिन्ही आरोप तिथले आहेत. दोन गोष्टी लक्षात ठेव. डिट्रिच हे स्कोविल यांचे नातू. आणि कॉर्किनबाई लहानपणी स्कोविलांच्या समोरच राहायच्या, डिट्रिचची आई त्यांची मैत्रीण. म्हणजे हे भांडण दोन अनोळखी माणसांचं नाही, एका गल्लीतलं आहे. दुसरं म्हणजे कॉर्किनबाई त्याच वर्षी मे महिन्यात कर्करोगाने गेल्या होत्या. उत्तर द्यायला त्या नव्हत्या.

कागदांचं घेऊ. डिट्रिचना दिलेल्या मुलाखतीत कॉर्किनबाई म्हणाल्या की हेन्रीचं बरंचसं मूळ साहित्य कापून टाकलं. ध्वनिमुद्रण डिट्रिचनी नंतर लोकांसमोर ठेवलं, त्यामुळे त्या असं म्हणाल्या यात वाद नाही. पण एमआयटीचे विभागप्रमुख जेम्स डिकार्लो यांनी लेखी कळवलं की नोंदी नष्ट झाल्या असं आम्हाला आढळत नाही, उलट अखेरच्या दिवसांत बाई त्या लावून ठेवण्याच्याच कामात होत्या. दोनशेहून जास्त शास्त्रज्ञांनी त्यांच्या बाजूने पत्रावर सह्या केल्या. सह्यांना मी फार वजन देत नाही. सहकाऱ्याच्या बाजूने सही करणं हा माणुसकीचा भाग आहे, पुरावा नव्हे. माझ्या लेखी वजन आहे ते समोर असलेल्या नोंदींच्या खोक्यांना. बोलणं एक आणि कागद दुसरे सांगत असतील तर मी कागदांच्या बाजूला उभी राहते. म्हणून 'पुरावे नष्ट केले' असं ठामपणे म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

तरी डिट्रिचना हा प्रश्न विचारावासा वाटला यात काही गैर नव्हतं. मी एकतीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. आमच्या प्रयोगशाळेत हिरव्या रंगाचं एक लोखंडी कपाट होतं, त्यात मुलांची प्रॅक्टिकलची जर्नलं. मी निवृत्त झाले त्या मे महिन्यात कपाट रिकामं करायचं होतं आणि सगळं रद्दीत गेलं. मीच होकार दिला. आकडे पुन्हा मिळवता येतात, असं तेव्हा मनाशी म्हटलं. पण मुलांनी समासात पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, 'सब्जेक्टला घाम आला', 'तीनदा हसली', 'मध्येच आईला फोन करायचा म्हणाली'. ते कुठल्याच तक्त्यात उतरत नाही. हेन्रीच्या बाबतीत तर समासातलं बोलणं म्हणजे अर्धा हेन्री.

जखमेचं लगेच मिटतं. हेन्री गेल्यावर सान डिएगोला याकोपो अन्नेसे यांनी त्याचा मेंदू गोठवून डिसेंबर २००९मध्ये सलग ५३ तास त्याचे २,४०१ काप केले. लाखो लोकांनी ते इंटरनेटवर थेट पाहिलं. या कापांत डाव्या कपाळामागच्या भागात एक छोटी जखम सापडली, जी आधी कुणी नोंदवली नव्हती. डिट्रिच म्हणतात, कॉर्किनबाई तो उल्लेख टाळू बघत होत्या. मसुद्यावर ओढाताण झाली असेलही. मेंदू कुणाच्या ताब्यात राहावा यावरूनही दोन संस्थांत चांगलीच जुंपली होती आणि काप शेवटी तिसरीकडे, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात गेले. पण जानेवारी २०१४मध्ये छापून आलेल्या निबंधात ती जखम स्पष्ट नोंदवलेली आहे आणि लेखकांच्या यादीत शेवटचं नाव कॉर्किन यांचं आहे. जे स्वतःच्या नावाने छापलं ते लपवलं कसं म्हणायचं?

तू विचारतेस, मग सगळंच खोटं का. नाही. आणि इथे दोष डिट्रिचचा नाही, आमच्यासारख्या शिक्षकांचा आहे. आम्ही गोष्ट अशी सांगितली की एक माणूस, एक ऑपरेशन आणि त्यावर अख्खं शास्त्र उभं. मुळात तसं नव्हतंच. मिल्नर आणि त्यांचे वरिष्ठ पेनफिल्ड यांच्याकडे आधीच दोन रुग्ण होते, एक इंजिनिअर, दुसरा हातमोज्यांचं कापड बेतणारा. दोघांचं एकाच बाजूचं ऑपरेशन झालं होतं आणि दोघांची स्मृती गेली होती. पेनफिल्ड-मिल्नर यांचं ते टिपण वाचून स्कोविलनी आपणहून फोन केला, माझ्याकडेही असाच एक आहे म्हणून. पुढे त्या इंजिनिअरचा मृत्यू झाला तेव्हा दुसऱ्या बाजूचा हिप्पोकॅम्पस आधीपासूनच खराब होता असं दिसलं. १९५७चा निबंध दहा रुग्णांवर आहे, एकट्या हेन्रीवर नाही. बाकीचे बहुतेक मनोरुग्णालयांतले होते आणि त्यांची नावं कुणालाच आठवत नाहीत, मलाही नाही. १९८६मध्ये आर. बी. या रुग्णाचा अभ्यास आला, त्याची इजा हिप्पोकॅम्पसच्या एका पट्ट्यापुरतीच होती, तरीही नवं लक्षात राहणं बिघडलं होतं. माकडांवरचं काम वेगळंच. हेन्रीचं नाव वगळलं तरी निष्कर्ष पडत नाही.

आता परीक्षा. 'संपूर्ण हिप्पोकॅम्पस काढला' असं लिहू नकोस. स्कोविलना वाटलं होतं आठ सेंटिमीटरपर्यंत काढलं, पण नव्वदच्या दशकातल्या एमआरआयमध्ये ते पाचच्या आसपास भरलं. मागचा बराच भाग शिल्लक होता, मात्र सुकलेला. 'सायकलवरून पडल्यामुळे अपस्मार झाला' हेही ठामपणे लिहू नकोस, वडिलांकडच्या नात्यात अपस्मार होता. आणि 'त्याला नवं काहीच शिकता येत नव्हतं' हे तर नकोच. ऑपरेशननंतर तो आईवडिलांबरोबर ज्या घरात राहायला गेला त्याचा नकाशा त्याने पुढे बरोबर काढून दाखवला होता. खोल्यांमधून रोज चालून चालून ते घर कुठेतरी आत उतरलं होतं.

संमतीचा आरोप राहिला. तो या दोन आरोपांसारखा सुटत नाही. ठाण्याच्या पत्राला उत्तर देताना त्याकडे येते.

प्रश्न : सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. सकाळपासून दहा वेळा विचारतात, "हे कुठे गेले?" मामंजी जाऊन चार वर्षं झाली. खरं सांगितलं की दर वेळी नव्याने रडतात. माझे मिस्टर म्हणतात, हा शॉर्ट टर्म मेमरी लॉस आहे, एच. एम.ला होता तोच. काय करावं? — एक सून, सांगली

उत्तर : ताई, आधी त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, नैराश्य यांमुळेही विसर पडतो आणि त्यावर इलाज असतो. अल्झायमर असेल तर त्यातही हिप्पोकॅम्पसच्या भागाला आधी झळ लागते, म्हणून ताजं पुसतं आणि जुनं राहतं. इथपर्यंत हेन्रीशी साम्य आहे. पण हेन्रीचं नुकसान एका दिवशी झालं आणि नंतर कितीतरी वर्षं तिथेच थांबलं होतं, सासूबाईंचं हळूहळू पसरत असेल.

'शॉर्ट टर्म मेमरी लॉस' हे शब्द एका गाजलेल्या हिंदी सिनेमाने घराघरांत नेले, आणि हेन्रीच्या बाबतीत तर ते उलटे आहेत. त्याची तात्पुरती स्मृती शाबूत होती. मिल्नरबाईंनी एकदा त्याला ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला आणि बाहेर गेल्या. पंधरा मिनिटांनी आल्या तर त्याने बिनचूक सांगितला. कसं जमलं? त्याने समजावलं : "आठ लक्षात ठेवायचे. पाच, आठ, चारची बेरीज सतरा. सतरातून आठ गेले, राहिले नऊ. नऊचे पाच आणि चार. झाले ५८४." पंधरा मिनिटं तो हे मनात घोळवत बसला होता. मग विषय बदलला, आणि मिनिटभरात आकडाही गेला, आकडा विचारला होता हेही गेलं.

रडण्याबद्दल. हेन्रीचे वडील १९६६मध्ये वारले. पुढे त्याच्या पाकिटात स्वतःच्या अक्षरातल्या दोन चिठ्ठ्या असायच्या. एकीवर लिहिलेलं, बाबा गेले. दुसरीवर, आई नर्सिंग होममध्ये आहे, तब्येत चांगली आहे. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. दर वेळी कुणाच्या तोंडाकडे बघून कळावं, त्यापेक्षा स्वतःच्या अक्षरात कळलेलं त्याला बरं वाटत असावं, असं मला वाटतं.

सासूबाईंना चिठ्ठी झेपेल की नाही हे तुम्हालाच कळेल. मी तुमच्या जागी असते तर दहा वेळा मृत्यूची बातमी दिली नसती. "आठवण येतेय का त्यांची?" असं विचारून बघा. मामंजींना चहा कसा लागायचा, लग्नात कोण कोण आलं होतं, ते सांगू द्या. त्या सरळच विचारतील, "गेले का गं?" तेव्हा मात्र खोटं बोलू नका. हात हातात घेऊन हो म्हणा.

प्रश्न : वडिलांना दोन वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं निदान झालं. हॉस्पिटलातल्या एका संशोधनात त्यांना घ्यायचं आहे, माझी सही मागताहेत. बाबा म्हणतात, "तू म्हणशील तसं." मी सही करावी का? — एक मुलगा, ठाणे

उत्तर : तुमचा प्रश्न आणि डिट्रिचचा तिसरा आरोप एकच आहे, म्हणून दोन्ही एकत्र बोलते.

हेन्रीची आई १९८१मध्ये गेली. डिट्रिच दाखवतात की त्यानंतर १९९२पर्यंत संमतिपत्रांवर सही हेन्रीची एकट्याची असे. ज्या माणसाला पान उलटल्यावर मागचं पान आठवत नाही, त्याची. १९९२मध्ये कोर्टाने पालक नेमला : हेन्री ज्यांच्या घरी काही काळ राहिला होता त्या बाईंचा मुलगा. मेंदू दान करण्याच्या कागदावर त्याची आणि हेन्रीची सही त्याच वर्षीची आहे. डिट्रिच विचारतात की हेन्रीची सख्खी चुलत-आते भावंडं हयात असताना त्यांना कुणी का विचारलं नाही? एमआयटीचं म्हणणं, नेमणूक कोर्टाने रीतसर केली होती. कायद्याने ते बरोबर आहे. माझं समाधान मात्र होत नाही.

कारण प्रयोग काय काय झाले ते बघा. हेन्रीचं जेवण झालं की थोड्या वेळाने दुसरं ताट समोर ठेवायचं. तो ते जवळजवळ सगळं खायचा. कातडीला गरम उपकरण लावून वेदना किती जाणवते हे मोजलं. इतरांना जे सोसेना त्याला तो दुखतंय म्हणेना. १९८५मध्ये हे दोन्ही छापून आलं, आणि त्यातून भूक आणि वेदनेबद्दल खरोखर काही कळलं. दुसऱ्या ताटाची गोष्ट मी वर्गात कितीतरी वर्षं सांगितली. वर्ग हसायचा, आणि मी हसू द्यायची. आता ते आठवलं की वाईट वाटतं. त्या ताटावर बसलेल्या माणसाला आपण हसलो, आणि आपल्याला हसले हेसुद्धा तो कधी लक्षात ठेवू शकला नसता.

तरी एक गोष्ट हेन्रीच्याच बाजूने सांगायला हवी. माझ्याबद्दल जे कळेल त्याने दुसऱ्यांना मदत होईल, असं तो वर्षानुवर्षं म्हणत आला, विचारणारा कोणीही असो. जी इच्छा आठवणीशिवायही दर वेळी तीच निघते ती त्या माणसाची खरीच इच्छा असणार. कॉर्किनबाईंनी याच्यावर विश्वास ठेवला, आणि त्यांनी त्याची काळजीही मनापासून घेतली. पण 'मदत व्हावी' ही इच्छा आणि 'आज हा प्रयोग करा' ही परवानगी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी त्याच्या बाजूने बोलणारं, संशोधकांशी संबंध नसलेलं कोणीतरी खोलीत हवं होतं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या असताना एका रुग्णालयात अशाच एका अभ्यासासाठी फॉर्म आला. मी औषधं आणायला खाली गेले होते. वर आले तर फॉर्म भरून झालेला. "आजींनीच सही केली," ती मुलगी आनंदाने म्हणाली. मी कागद हातात घेतला. निळ्या शाईत, थरथरत्या पण वळणदार अक्षरात सासूबाईंनी माहेरचं नाव लिहिलं होतं. बासष्ट वर्षांपूर्वी सोडलेलं. त्या दिवशी त्या बावीस वर्षांच्या होत्या, लग्न व्हायचं होतं, आणि त्या वयाच्या मुलीने एका अनोळखी कागदावर सही केली होती. केस पेपरवर वेगळं नाव आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी फॉर्म परत घेतला.

आपल्याकडे आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रुग्ण स्वतः संमती देऊ शकत नसेल तर कायदेशीर प्रतिनिधीची संमती लागते, आणि शिवाय रुग्णाला समजेल तेवढं समजावून त्याचीही तयारी विचारायची असते. तेव्हा घाईने सही करू नका. नैतिक समितीची मंजुरी दाखवा म्हणा. नेमकं काय करणार, सुई आहे का, किती वेळ, मधूनच बाहेर पडता येईल का, हे लेखी मागा. बाबांना सकाळी, ते ताजेतवाने असताना, दोन वेगळ्या दिवशी विचारा. दोन्ही दिवशी त्यांचा कल तोच निघाला तर खुशाल सही करा. आणि प्रयोगाच्या दिवशी ते नाही म्हणाले, नुसता हात मागे घेतला तरी, तिथेच थांबवायचं हे आधीच ठरवून घ्या.

प्रश्न : मी नववीत आहे. हेन्रीने आरशात बघून चांदणी काढली म्हणजे काय केलं? घरी करता येईल का? — रत्नागिरी

उत्तर : येईल की! आमच्या प्रॅक्टिकलला यासाठी पितळी चांदणीची पाटी असायची, रेघ चुकली की बझर वाजायचा. तुला एवढं काही नको. कागदावर एकात एक अशा दोन चांदण्या काढ, मध्ये अर्धा सेंटिमीटर गल्ली ठेव. समोर आरसा उभा कर. हात आणि कागद थेट दिसू नयेत म्हणून वर वहीचा पुठ्ठा आडवा धर, नाहीतर ताईला धरायला सांग. आता फक्त आरशात बघून पेन्सिल गल्लीतून फिरव. कोपऱ्यावर हात भलतीकडेच जाईल, वैतागू नकोस, सगळ्यांचा जातो.

हेन्रीने हे तीन दिवस केलं. रोज आधीच्या दिवशीचं काही आठवायचं नाही, पण चुका कमी कमी होत गेल्या. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, अवघड जाईल वाटलं होतं, पण बरंच जमलं की. हाताला आठवत होतं, त्याला नव्हतं. तूही तीन दिवस, रोज दहा वेळा कर. प्रत्येक कागदावर तारीख, लागलेला वेळ आणि चुका लिही. मधे आई हाक मारून गेली, पेन्सिलीचं टोक तुटलं, कंटाळा आला, तेही बाजूला लिही. तीसही कागद मला पाठव. बघून परत पाठवेन.